मेसेज अडला तर पुन्हा कधी पाठवायचा? ‘डिलेड रीडिलिव्हरी’ सोप्या भाषेत

मोबाईलवरून बसचं तिकीट काढलं की खात्यातून पैसे जातात, सीट नंबर मिळतो, एसएमएस येतो आणि ईमेलवर पावती येते. स्क्रीनवर हे सगळं एका झटक्यात झाल्यासारखं दिसतं. पडद्यामागे मात्र ही वेगवेगळी कामं वेगवेगळे प्रोग्राम करत असतात. समजा, त्यातला एसएमएस पाठवणारा प्रोग्राम नेमका त्याच क्षणी बंद पडला, तर काय होतं? व्यवस्था नीट बांधलेली असेल तर तिकीट रद्द होत नाही. एसएमएसचं काम राखून ठेवलं जातं आणि थोड्या वेळाने पुन्हा केलं जातं.

हा ‘थोडा वेळ’ म्हणजे नेमका किती, हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. या सोयीला तांत्रिक भाषेत ‘डिलेड रीडिलिव्हरी’ म्हणतात, म्हणजे ठरावीक वेळ थांबून मेसेज पुन्हा देणं. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या सेटिंगवर बरंच काही अवलंबून असतं. वेळ बरोबर निवडली तर छोटा बिघाड कुणाला कळायच्या आत निस्तरला जातो. चुकीची निवडली तर तोच बिघाड वाढत जाऊन सगळी यंत्रणा ठप्प करू शकतो.

मेसेज क्यू म्हणजे काय?

क्यू म्हणजे रांग. हॉटेलात वेटर ऑर्डरची चिठ्ठी आत टाकून पुढच्या टेबलाकडे जातो आणि आचारी एकेक चिठ्ठी उचलून पदार्थ बनवतो. वेटरला आचाऱ्यापाशी ताटकळत उभं राहावं लागत नाही. मेसेज क्यूचं कामही असंच चालतं. एक प्रोग्राम कामाचा निरोप रांगेत टाकतो, दुसरा प्रोग्राम तो उचलून काम करतो, आणि रांग सांभाळणाऱ्या मधल्या सॉफ्टवेअरला ‘ब्रोकर’ म्हणतात.

अपाचे अ‍ॅक्टिव्हएमक्यू, रॅबिटएमक्यू आणि अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही या क्षेत्रातली नेहमीची नावं आहेत. बँका, ऑनलाइन दुकानं, तिकीट बुकिंग, सोशल मीडियावरची नोटिफिकेशन्स अशा अनेक ठिकाणी या प्रकारच्या रांगा वापरल्या जातात.

पोचपावती आली नाही तर?

काम उचलणाऱ्या प्रोग्रामने मेसेज घेतला म्हणजे काम झालं, असं ब्रोकर धरून चालत नाही. काम पूर्ण झाल्यावर प्रोग्रामने पोचपावती द्यायची असते. ती मिळाली की ब्रोकर मेसेज रांगेतून काढून टाकतो. पोचपावती न देता प्रोग्राम बंद पडला, किंवा ‘मला हे जमलं नाही’ असं त्याने कळवलं, तर मेसेज पुन्हा द्यावा लागतो. यालाच रीडिलिव्हरी म्हणतात.

मेसेज पुन्हा द्यायचा, यावर दुमत नाही. प्रश्न कधी द्यायचा, हा आहे.

लगेच पुन्हा दिला तर काय बिघडतं?

समजा, ज्या डेटाबेसमध्ये नोंद करायची आहे तो रीस्टार्ट होतोय आणि त्याला ३० सेकंद लागणार आहेत. मेसेज आला, नोंद करायचा प्रयत्न झाला आणि १० मिलीसेकंदांत तो फसला. मेसेज तत्काळ परत दिला तर तो पुन्हा १० मिलीसेकंदांत फसेल. सहा प्रयत्नांची मर्यादा असेल तर सगळे प्रयत्न सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळात संपतील. डेटाबेस अर्ध्या मिनिटात सुरू होणार होता, पण त्याआधीच मेसेज ‘अयशस्वी’ म्हणून बाजूला टाकला गेला.

मर्यादाच ठेवली नाही तर गोष्ट आणखी बिघडते. एकच मेसेज सेकंदाला शंभर वेळा डेटाबेसचं दार ठोठावत राहील. रांगेत असे हजारो मेसेज असतील तर नुकताच उभा राहू पाहणारा डेटाबेस त्या माऱ्याखाली पुन्हा आडवा होईल. घाटातल्या पाटीवरचं ‘अति घाई, संकटात नेई’ हे वाक्य इथेही लागू पडतं.

हा धडा जुना आहे

पुन्हा पाठवण्याआधी थांबण्याची युक्ती मेसेज क्यूच्या आधीपासूनची आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू केलं. दोन केंद्रांनी एकाच वेळी माहिती पाठवली की दोन्हींची माहिती खराब व्हायची. दोघांनी तेवढाच वेळ थांबून पुन्हा पाठवलं तर पुन्हा टक्कर ठरलेली. म्हणून प्रत्येकाने वेगवेगळा, नशिबाने ठरणारा वेळ थांबावं, अशी पद्धत ठेवली गेली.

पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट विकसित केलं. त्यात टक्कर झाली की थांबण्याची कमाल मर्यादा दर वेळी दुप्पट करण्याची पद्धत आली. इथरनेटच्या प्रमाणित नियमांत ही वाढ दहाव्या टक्करीनंतर थांबते आणि १६ प्रयत्न फसले की तो प्रयत्न सोडून दिला जातो.

न थांबण्याची किंमत ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसली. अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यात जेमतेम ४०० यार्डांचं अंतर होतं. त्यांना जोडणाऱ्या इंटरनेट मार्गाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर घसरला. गर्दी झाली की माहितीचे तुकडे हरवायचे किंवा उशिरा पोहोचायचे. संगणक तेच तुकडे पुन्हा पाठवायचे, आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढायची. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावरचे उपाय मांडले. पुन्हा पाठवण्याआधीचा वेळ वाढवत नेणं हा त्यातलाच एक उपाय होता.

सेटिंग्ज कोणत्या असतात?

अपाचे अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिक या जुन्या आणि प्रसिद्ध ब्रोकरचं उदाहरण घेऊ. त्यात ‘रीडिलिव्हरी पॉलिसी’ नावाचा सेटिंग्जचा संच आहे. त्यातल्या मुख्य सेटिंग्ज अशा:

१. इनिशियल रीडिलिव्हरी डिले: पहिल्यांदा फसल्यावर किती थांबायचं. काही बदल केला नाही तर १,००० मिलीसेकंद, म्हणजे १ सेकंद.

२. मॅक्झिमम रीडिलिव्हरीज: किती वेळा पुन्हा द्यायचा. मूळ आकडा ६. म्हणजे पहिली खेप धरून एकूण ७ प्रयत्न. उणे १ लिहिलं तर प्रयत्न कधीच थांबत नाहीत.

३. यूज एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ: दर वेळी थांबण्याचा वेळ वाढवायचा का. ही सोय मुळात बंद असते.

४. बॅकऑफ मल्टिप्लायर: वेळ किती पटीने वाढवायचा. मूळ आकडा ५, पण वरची सोय सुरू केल्याशिवाय तो लागू होत नाही.

५. मॅक्झिमम रीडिलिव्हरी डिले: वेळ कितीही वाढला तरी त्यावरची कमाल मर्यादा. मुळात अशी मर्यादा नसते.

६. कोलिजन अव्हॉइडन्स: थांबण्याच्या वेळेत थोडी पुढे-मागे सरमिसळ. मुळात बंद, सुरू केली तर १५ टक्के.

तेच सहा प्रयत्न, तीन वेगळे निकाल

या सेटिंग्जचा परिणाम साध्या बेरजेने कळतो. तिन्ही ठिकाणी पुन्हा देण्याचे प्रयत्न सहाच धरू.

काहीही बदललं नाही तर थांबण्याचा वेळ दर वेळी १ सेकंदच राहतो. सहा वेळा मिळून ६ सेकंद. सर्व्हर रीस्टार्ट व्हायला अर्धं मिनिट लागत असेल तर हे अपुरं आहे.

वाढत्या वेळेची सोय सुरू करून पट २ ठेवली तर १, २, ४, ८, १६ आणि ३२ सेकंद थांबलं जातं. बेरीज ६३ सेकंद. साधा रीस्टार्ट यात निभावून जातो.

पट ५ ठेवली तर १, ५, २५, १२५, ६२५ आणि ३,१२५ सेकंद. बेरीज ३,९०६ सेकंद, म्हणजे १ तास ५ मिनिटं. पट ५ ठेवूनच कमाल मर्यादा १० मिनिटांची घातली, तर शेवटचे दोन आकडे ६०० वर थांबतात आणि बेरीज साधारण साडेबावीस मिनिटं होते.

प्रयत्नांची संख्या तीच राहिली, पण मेसेजला मिळालेली मुदत ६ सेकंदांपासून तासाभरापर्यंत बदलली. म्हणूनच ‘किती वेळा’ या प्रश्नाबरोबर ‘एकूण किती वेळ’ हा हिशेब करणं गरजेचं असतं. समोरची सेवा बिघडली तर साधारण किती वेळात सावरते, हे माहीत असेल तर एकूण मुदत त्यापेक्षा जास्त ठेवता येते.

सरमिसळ कशासाठी?

डेटाबेस बंद पडला त्या क्षणी पाच हजार मेसेज एकदम फसले, असं समजा. सगळ्यांना ठीक ६० सेकंदांनी परत यायला सांगितलं तर ६० सेकंदांनी पाच हजारांचा लोंढा एकदम येईल. आधी पसरलेली गर्दी एका क्षणात गोळा होईल. १५ टक्क्यांची सरमिसळ ठेवली तर काही मेसेज ५१ व्या सेकंदाला, काही ६९ व्या सेकंदाला आणि बाकीचे त्यांच्या मधे येतात. लोंढ्याची रांग होते. हवाईतल्या रेडिओ केंद्रांना जी युक्ती उपयोगी पडली तीच ही.

प्रत्येक सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी

एका ब्रोकरची सवय दुसऱ्याला लावली की घोटाळे होतात. म्हणून काही फरक लक्षात ठेवावेत.

अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिकमध्ये थांबण्याचं काम मुळात मेसेज घेणाऱ्या प्रोग्रामच्या बाजूला होतं. मेसेज थांबलेला असताना त्याच्या मागचे मेसेजही थांबतात. त्यामुळे क्रम टिकतो, पण एका अडलेल्या मेसेजमागे बाकीचे खोळंबतात. पुढच्यांना वाट मोकळी करून देण्याची सोय आहे, मात्र तिथे क्रमावर पाणी सोडावं लागतं.

अ‍ॅक्टिव्हएमक्यू आर्टेमिसमध्ये हा हिशेब ब्रोकर स्वतः ठेवतो. तिथे थांबण्याचा मूळ वेळ शून्य असतो आणि एकूण प्रयत्न १०. म्हणजे कोणी सेटिंग बदललं नाही तर दहाही प्रयत्न पाठोपाठ होतात.

रॅबिटएमक्यूमध्ये बरेच जण ‘प्रतीक्षा रांग’ बनवतात. फसलेला मेसेज त्या रांगेत टाकायचा आणि त्याला मुदत द्यायची. मुदत संपली की ब्रोकर तो आपोआप मूळ रांगेकडे वळवतो. यात एक खाच आहे. प्रत्येक मेसेजला वेगळी मुदत दिली तर मुदत संपलेला मेसेज रांगेच्या तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. पुढे एक तासाचा मेसेज असेल तर मागचा पाच सेकंदांचा मेसेजही तासभर अडकतो. म्हणून ५ सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं अशा प्रत्येक वेळेसाठी वेगळी रांग ठेवतात.

अ‍ॅमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये उचललेला मेसेज काही काळ इतरांना दिसेनासा होतो. हा काळ मुळात ३० सेकंद असतो आणि १२ तासांपर्यंत वाढवता येतो. तेवढ्या वेळात काम पूर्ण करून मेसेज काढून टाकला नाही तर तो पुन्हा दिसू लागतो. मेसेज आतापर्यंत साधारण किती वेळा उचलला गेला, हे प्रोग्रामला कळतं. त्यावरून तो दर वेळी हा काळ वाढवू शकतो. याच सेवेत नवा मेसेज उशिरा दाखवण्याची वेगळी सोय आहे. तिची मर्यादा १५ मिनिटं. या दोन सोयींत गल्लत करू नये.

काही मेसेज कितीही थांबलं तरी जात नाहीत

नेटवर्क गेलं, सर्व्हर रीस्टार्ट झाला, गर्दी वाढली, हे बिघाड वेळाने सुटतात. मोबाईल नंबर नऊच आकडी आहे, रकमेच्या जागी अक्षरं आहेत, असे बिघाड वेळाने सुटत नाहीत. असा मेसेज दहा वेळा दिला काय आणि हजार वेळा दिला काय, तो फसणारच. त्याला ‘पॉयझन मेसेज’ म्हणतात. चूक कायमची आहे हे प्रोग्रामला ओळखता येत असेल तर वाट न पाहता तो मेसेज लगेच बाजूला काढणं चांगलं.

बाजूला काढायच्या जागेला ‘डेड लेटर क्यू’ म्हणतात. हे नाव टपाल खात्यातून आलं. ज्या पत्रांचा पत्ता लागत नाही आणि जी परतही करता येत नाहीत, ती पत्रं जिथे जमा होत त्या कार्यालयाला डेड लेटर ऑफिस म्हणत. टपाल खात्यात तिथली माणसं पत्र उघडून मालक शोधत. क्यूच्या बाबतीतही कोणीतरी तिथे नियमित डोकावायला हवं. नाहीतर ग्राहकांची कामं तिथे साचत राहतात आणि सिस्टीम मात्र ‘सर्व सुरळीत’ दाखवते. एसक्यूएसमध्ये तर मेसेज मुळात ४ दिवस आणि वाढवला तरी जास्तीत जास्त १४ दिवसच राहतो. त्यानंतर तो कायमचा जातो.

दोनदा पैसे कापले जाण्याची भीती

पुन्हा देण्याच्या व्यवस्थेत एक धोका कायम असतो. काम झालं, पण पोचपावती पाठवण्याआधीच प्रोग्राम बंद पडला, तर ब्रोकरच्या दृष्टीने काम झालेलंच नाही. तो मेसेज पुन्हा देतो. मेसेज ‘खात्यातून ५०० रुपये वळते करा’ असा असेल तर दोनदा पैसे जाऊ शकतात. एसक्यूएसमध्ये ४० सेकंदांच्या कामाला ३० सेकंदांचाच काळ दिला, तरी हेच होतं. पहिल्याचं काम चालू असतानाच मेसेज दुसऱ्याच्या हाती पडतो.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे प्रत्येक कामाला वेगळा क्रमांक देणं. काम करण्याआधी प्रोग्राम ‘हा क्रमांक आधी झालाय का’ हे तपासतो. झाला असेल तर नुसती पोचपावती देऊन पुढे जातो. ही तपासणी नसेल तर रीडिलिव्हरी कितीही नीट बसवली तरी ती धोक्याचीच.

यूपीआयमध्ये दिसलेला तोच प्रश्न

१२ एप्रिल २०२५ रोजी देशभरात यूपीआय व्यवहार काही तास विस्कळीत झाले. यूपीआय चालवणारी, मुंबईत मुख्यालय असलेली एनपीसीआय ही संस्था कारण शोधू लागली. तेव्हा काही बँकांकडून ‘या व्यवहाराचं काय झालं’ अशा चौकशांचा भडिमार झाल्याचं आढळलं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या या चौकशांनी यंत्रणेवरचा ताण वाढवला. त्यानंतर एनपीसीआयने बँकांना मर्यादा बजावल्या. पहिली चौकशी ९० सेकंद थांबून करावी आणि दोन तासांत जास्तीत जास्त ३ चौकश्या कराव्यात.

चौकशी पुन्हा करणं आणि मेसेज पुन्हा देणं या तांत्रिकदृष्ट्या वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हीकडे प्रश्न तोच आहे: उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, किती वेळा विचारायचं आणि कुठे थांबायचं.

वेळ ठरवताना विचारायचे प्रश्न

मेसेज किती वेळ कामाचा आहे? ओटीपी काही मिनिटांनी निरुपयोगी होतो, म्हणून त्याला तासभर प्रयत्नांची मुदत देण्यात अर्थ नाही. महिन्याच्या बिलाचा ईमेल दोन तास उशिरा गेला तरी चालतो. ईमेलच्या जागतिक नियमांतच दोन प्रयत्नांत साधारण किमान ३० मिनिटांचं अंतर आणि हार मानण्याआधी ४ ते ५ दिवस, अशी शिफारस आहे.

समोरची सेवा सावरायला किती वेळ लागतो? एकूण मुदत त्याहून जास्त हवी.

क्रम महत्त्वाचा आहे का? ‘खातं उघडा’ हा मेसेज थांबलाय आणि ‘खात्यात पैसे भरा’ हा पुढे गेला, तर चालणार नाही.

तोच मेसेज दोनदा आला तर नुकसान होईल का? होणार असेल तर क्रमांकाची तपासणी आधी, वेळेची सेटिंग नंतर.

प्रयत्न संपल्यावर मेसेज कुठे जाणार आणि तो कोण पाहणार? याचं उत्तर एखाद्या माणसाच्या किंवा टीमच्या नावाने देता आलं पाहिजे.

वापरणाऱ्याने काय करावं?

पेमेंट ‘पेंडिंग’ दिसतं तेव्हा पडद्यामागे एखादा निरोप किंवा उत्तर अडलेलं असू शकतं. अशा वेळी लगेच ‘पे’चं बटण पुन्हा दाबलं तर तो नवा व्यवहार ठरतो. त्याला नवा क्रमांक मिळतो आणि दोनदा होणारं काम अडवणारी तपासणी त्याला अडवत नाही. म्हणून आधी व्यवहाराची स्थिती पाहावी, दुकानदाराकडे खात्री करावी आणि मगच पुन्हा पैसे पाठवावेत.

खात्यातून पैसे गेले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर त्यासाठीही मुदत ठरलेली आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून व्यक्तीला पाठवलेले पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत ५ दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही मुदत उलटली तर व्यवहार क्रमांक घेऊन बँकेकडे तक्रार करावी.